अजिंठ्याचा एक दिवस: तिकीट एका खात्याचं, पाहुणचार दुसऱ्याचा

अजिंठा बघून आलेली माणसं लेण्यांबद्दल भरभरून लिहितात. मी इथे सेवेबद्दल लिहिणार आहे: तिकीट, बस, पायऱ्या, उजेड, गाईड, पाणी आणि माहिती. लेण्यांना गुण देण्याची माझी पात्रता नाही. पण तिथे आलेल्या माणसाला सरकार काय देतं, याचे गुण मी नक्की देऊ शकते. जळगावात चित्रकला शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. शाळेची सहल असो की घरी आलेले पाहुणे, अजिंठ्याला माणसं घेऊन जाण्याचं काम आपोआप माझ्याकडे येतं. या वेळी पुण्याहून नणंदबाई आल्या होत्या आणि सोबत त्यांचा आठवीतला नातू. तो चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसतोय, त्यामुळे माझा उत्साह जरा जास्तच होता.

निकाल आधीच सांगून टाकते. जे आहे ते जपण्याच्या कामाला पैकीच्या पैकी. जे आहे ते आलेल्या माणसाला समजावून सांगण्याच्या कामाला काठावर पास. या दोन्ही कामांचा जाब आज दिल्लीत एकाच मंत्र्याकडे मागता येतो, आणि तो मागायला हवा.

कसा ते सांगते. लेणी, चित्रं, तिकीट खिडकी आणि दारातला पहारेकरी हे सगळं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. ही 1861 सालची संस्था संस्कृती मंत्रालयाखाली येते. ‘अतुल्य भारत’ची 2002 पासूनची जाहिरात, गाईडांचं प्रशिक्षण, प्रवाशांची हेल्पलाइन, पर्यटनस्थळांच्या विकासासाठीच्या ‘स्वदेश दर्शन’ योजनेचा निधी हे पर्यटन मंत्रालयाचं. जून 2024 पासून ही दोन्ही मंत्रालयं गजेंद्रसिंह शेखावत यांच्याकडे आहेत. त्याआधी 2021 पासून ती जी. किशन रेड्डी यांच्याकडे होती. 2017 ते 2019 मध्ये मात्र पर्यटन अल्फोन्स कन्ननथानम यांच्याकडे आणि संस्कृती महेश शर्मांकडे, अशी वाटणी होती. आपल्या राज्यात 2024 च्या डिसेंबरात खातेवाटप झालं तेव्हा पर्यटन शंभूराज देसाईंकडे गेलं आणि सांस्कृतिक कार्य आशिष शेलारांकडे. म्हणजे मुंबईत दोन टेबलं, दिल्लीत एक. त्यात आणखी एक गुंता असा की राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीत आहेत, पण पर्यटन हा विषय केंद्र, राज्य, समवर्ती अशा कुठल्याच सूचीत नाही. त्यामुळे दगड केंद्राचा आणि वाट राज्याची. लेण्यांसाठी फर्दापूरला उतरलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं आणि असायचं कारणही नाही. त्याच्या लेखी सगळं मिळून एकच सरकार.

आम्ही नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरच्या टी-पॉइंटला पोचलो. गाड्या इथेच थांबतात. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. पूर्वी गाड्या थेट लेण्यांच्या पायथ्याला जायच्या, ते दिवस मी बघितले आहेत. दरीत धूर कोंडायचा, हॉर्न घुमायचे, आणि पायरी सुरू व्हायच्या आधीच विक्रेत्यांचा गराडा पडायचा. वाहनं लांब अडवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला आणि इतकी वर्षं रेटून पाळला, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. बसला थांबावं लागतं म्हणून कुरकुर करणारे असतात. त्यांनी वाघूर नदीच्या त्या नालाच्या आकाराच्या वळणात एकदा शांत उभं राहून बघावं. पाण्याचा आणि माकडांचा आवाज येतो, बाकी काही नाही. ही शांतता आपोआप आलेली नाही, कुणीतरी नियम करून ती आणली आहे.

टी-पॉइंटला स्फटिक आणि रंगीत दगड विकणारी दुकानं आहेत. मुलांना आवडतात, घासाघीस करून घ्यावेत. तिथेच एक गृहस्थ मागे लागले. “मावशी, सगळी लेणी दाखवतो, खास गोष्टी सांगतो.” मी म्हटलं, “दादा, ओळखपत्र दाखवा.” ते दुसऱ्या कुटुंबाकडे वळले. अशांना टाळा. परवानाधारक गाईडच्या गळ्यात ओळखपत्र असतं, त्यांना शिक्षण आणि परीक्षा असते. दर आधी विचारून घ्या आणि घ्याच. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला खर्च तोच.

तिकीट भारतीयांना 40 रुपये, ऑनलाइन काढलं तर 35. पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही, त्यामुळे आमचा नातू फुकट. परदेशी प्रवाशाला 600 रुपये. मात्र सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतून आलेल्यांना भारतीयांइतकंच तिकीट आहे, म्हणजे श्रीलंका, नेपाळ, भूतान, म्यानमार, थायलंड इथून आलेला बौद्ध उपासक 40 रुपयांत आत जातो. तिकिटाच्या फलकावरची ही ओळ मला फार मोलाची वाटते. ही जागा त्यांच्याही श्रद्धेची आहे हे धोरणाने मान्य केलंय, आणि ते पोकळ भाषणात मान्य केलेलं नाही, दरपत्रकात केलंय.

पायऱ्या मात्र चांगल्याच दमवतात. नणंदबाईंचे गुडघे बघून डोली केली. त्या बसायला तयार होईनात, दुसऱ्याच्या खांद्यावर कसं बसायचं म्हणून. डोलीवाला म्हणाला, “आजी, बसा निवांत. तुम्ही चालत गेलात तर आमची चूल कशी पेटायची?” मग बसल्या. चारही जण आसपासच्या गावांतले. वळणावर एकमेकांना हाक देत, पाय जपून टाकत त्यांनी त्यांना अलगद नेलं. इतकी वर्षं हे काम खांद्यावर चाललंय. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी दुसरी सोय करताना या माणसांच्या पोटाचा विचार आधी व्हावा.

आता पहिलं लेणं. चप्पल बाहेर, फ्लॅश बंद, आणि एका वेळी साधारण 40 माणसं, 15 मिनिटं. आमच्या पुढच्या रांगेत एक जण पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होता की पैसे भरलेत, मग अडवता का. पहारेकरी जराही आवाज न चढवता म्हणाला, “साहेब, आतली हवा बदलू द्या.” इतकंच. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. राज्यातल्याच एका संग्रहालयात मागे माझ्या विद्यार्थ्यांना अंधाऱ्या दालनात सोडून “बघून घ्या लवकर, सगळं एकसारखंच आहे” म्हणणारा माणूस भेटला होता. तेच काम दोन माणसं किती वेगळ्या मनाने करतात!

हवा का बदलायची हे मी मुलांना नेहमी सांगते, इथेही सांगते. अजिंठ्याची चित्रं दगडावर नाहीत. दगडाच्या खडबडीत भिंतीवर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा तूस, गवताचे तंतू मिसळलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. युरोपातल्या भित्तिचित्रांत ओल्या चुन्यावर रंग देतात आणि तो चुन्यात मुरतो, तशी ही पद्धत नाही. इथे रंग वर बसलेला आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी माती हे बहुतेक रंग साधे, स्थानिक. निळा तेवढा लांबचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या राजावर्त दगडाचा. मातीचा गिलावा ओल शोषतो आणि फुगतो. चाळीस माणसांचा श्वास, घाम आणि वारं बंद, म्हणजे त्या भिंतीवर रोज पावसाळा. वटवाघळं आणि कीड आणखी वेगळी. म्हणून पंधरा मिनिटं.

जपण्याच्या नादात इथे नुकसानही झालंय, आणि ते धोरण ठरवणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावं. 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे पोचला. त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली, ती आजही तिथे आहे. 1844 पासून रॉबर्ट गिलने नकला केल्या, त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जेजे स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यातल्या कित्येक 1885 मध्ये लंडनमध्येच जळाल्या. पुढे निजामाच्या राजवटीत, 1920 च्या सुमारास, लोरेंझो चेक्कोनी हा इटालियन तज्ज्ञ आणि त्याचा सहकारी बोलावले गेले. त्यांनी सुटणारा गिलावा घट्ट बसवला, ते उत्तम काम. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळा, तपकिरी पडला आणि खालचे रंग झाकोळले. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर पुढे वर्षानुवर्षं तसूतसूने काढावा लागला. म्हणून जेव्हा कुणी मंत्री स्मारकांवर “भव्य” काहीतरी करण्याची घोषणा करतो तेव्हा मला धास्ती वाटते. चांगल्या हेतूने, सर्वोत्तम तज्ज्ञ बोलावून केलेल्या कामाचीही इथे शंभर वर्षं निस्तरणी चालते. या जागेला धीमेपणा मानवतो.

आत गेल्यावर आमच्या गाईडने काय केलं ते सांगते. तो आधी काहीच बोलला नाही. “डोळे सरावू द्या, मिनिटभर थांबा,” म्हणाला. दिवे मंद असतात, मुद्दाम तसेच ठेवलेले. मिनिटाभरात करुणेचा बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू भिंतीतून वर यायला लागला: झुकलेली मान, हातातलं निळसर कमळ, अर्धवट मिटलेले डोळे. नातू म्हणाला, “हा खाली का बघतोय?” गाईड म्हणाला, “तू जिथे उभा आहेस तिथून दु:ख दिसतं, म्हणून.” मग त्याने मंद उजेड समोरून न टाकता बाजूने टाकला. गळ्यातल्या माळेतले मोती एकदम उठून आले, जणू कुणी खरेच मोती भिंतीत जडवलेत. प्रत्येक मोत्यावर पांढऱ्या रंगाचा जाड थेंब आहे, हात लावला तर जाणवेल इतका. माझ्या विद्यार्थ्यांना मी उठावाचा रंग शिकवताना हेच सांगायची. नातवाने ते एकदा बघितलं आणि मला पुढे काही सांगावं लागलं नाही. बाहेर येताना गाईडने खांबाच्या वर चार हरणं दाखवली: चार धडं, चार दिशांना, आणि डोकं एकच. ते कुठलंही शरीर धरून बघा, त्याचंच वाटतं. पोरगं बाहेर कट्ट्यावर बसून तेच चितारायला लागलं.

हे सगळं गाईड असल्यामुळे. नसता तर काय झालं असतं, तेही तिथेच दिसलं. सतराव्या लेण्यात शेजारच्या तालुक्यातलं एक कुटुंब आलं होतं, आई-वडील, दोन मुली. आत शिरले, अंधारात इकडेतिकडे बघितलं आणि वडील म्हणाले, “चला, झालं.” मुली तशाच उभ्या. आमच्या गाईडने हाक मारली, “दादा, या इकडे, दोन मिनिटं.” आणि त्यांना सिंहलाची गोष्ट सांगितली, समुद्र ओलांडून गेलेला व्यापारी, राक्षसिणींचं बेट, उडणारा घोडा. भिंतीवर बोट न टेकवता, लांबूनच. त्या मुली हलेनात. आईने विचारलं, “हे सगळं इथे काढलंय होय?” नणंदबाई मला म्हणाल्या, “अगं, यांना कुणी सांगितलंच नाही तर कळायचं कसं?”

पर्यटन धोरणाचा सगळा प्रश्न मला या एका वाक्यात दिसतो. 40 रुपये त्या कुटुंबानेही भरले होते. रस्ता, बस, पहारा, मंद दिवे, सगळं त्यांनाही तेवढंच मिळालं. चित्रं तेवढी मिळाली नसती. अजिंठ्याची जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट, बघणाऱ्याला आधीच ठाऊक असणार हे चित्रकाराने गृहीत धरलं होतं. आजच्या बघणाऱ्याला ती ठाऊक नाही, म्हणून सांगणं ही इथे पाण्याइतकीच मूलभूत सोय आहे. ती गाईड परवडणाऱ्यालाच का मिळावी?

पाण्यावरून सोळावं लेणं आठवलं. सगळ्या लेण्यांत माझा जीव तिथे सर्वाधिक रमतो, आणि या लिखाणाचं मूळही तिथेच आहे. ते लेणं वराहदेवाने कोरवून घेतलं. वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. व्हरांड्याच्या बाहेर डाव्या भिंतीवर त्याचा संस्कृत लेख आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ येते, तशीच लेण्याची वर्णनवजा यादीही येते: खिडक्या, दारं, सुंदर चित्रवीथी, खांब, भरपूर पाण्याचं टाकं, नागराजाचं मंदिर. आणि हे सगळं भिक्षुसंघाला अर्पण. खाली पायऱ्यांशी तो नागराज अजून बसलेला आहे. एका मंत्र्याने आपल्या कामाचा लेख लिहिला आणि त्यात चित्रांच्या जोडीला पाण्याचं टाकं लिहिलं! चित्र आणि पाणी, कला आणि वस्तीला येणाऱ्याची सोय, त्याच्या मनात वेगळ्या खात्यांत पडलेल्या नव्हत्या. सव्विसाव्या लेण्यातही एका मंत्र्याची आठवण आहे. बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने अश्मकाच्या राजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ ते करवलं, आणि लेखात म्हटलंय की डोंगरात असं स्मारक करावं जे चंद्रसूर्य असेतोवर टिकेल. त्याच लेण्यात डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाचा सात मीटर लांबीचा बुद्ध आडवा आहे. अजिंठ्यात मंत्र्यांची नावं कोरली गेली ती अशा कामांसाठी.

आजच्या मंत्र्यांच्या कामाची यादीही लहान नाही, आणि ती नाकारण्याचा माझा हेतू नाही. 1983 साली वेरूळ, ताजमहाल आणि आग्ऱ्याच्या किल्ल्याबरोबर अजिंठा जागतिक वारसा यादीत गेलं, भारताची ती पहिली नोंद. 2018 च्या अर्थसंकल्पातल्या घोषणेनुसार जी 17 विशेष पर्यटनस्थळं निवडली त्यात अजिंठा आणि वेरूळ दोन्ही होते. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव हा 174 किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग मंजूर केला, तो झाला की अजिंठ्याला येणं फारच सोपं होईल. पण माणसं आणण्याच्या योजना जितक्या आहेत तितक्या आलेल्या माणसाला सांगण्याच्या नाहीत. पर्यटन मंत्रालयाची 1363 ही चोवीस तासांची हेल्पलाइन घ्या. 2016 पासून ती बारा भाषांत चालते: हिंदी, इंग्रजी आणि अरबी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, जपानी, कोरियन, चिनी, पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश. मराठी त्यात नाही. तामिळ, बंगाली, तेलुगूही नाहीत. परदेशी पाहुण्याची काळजी घेतली ते योग्यच केलं. पण देशात सर्वाधिक फिरणारा माणूस देशातलाच आहे. ‘देखो अपना देश’ असं त्याला 2020 पासून सांगतोय, तर तो अडला की त्याच्याशी बोलायचं कुठल्या भाषेत? मराठीला अभिजात भाषेचा दर्जा 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारने दिला, तो संस्कृती मंत्रालयाच्याच प्रस्तावावर. त्याच मंत्र्यांच्या दुसऱ्या मंत्रालयाच्या फोनवर ती भाषा यायला हवी, इतकी साधी मागणी आहे.

फर्दापूरजवळच्या अभ्यागत केंद्राबद्दलही बोलायला हवं. जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प झाला, पहिला करार 1992 चा, दुसरा 2003 चा. रस्ते, विमानतळ, झाडं, चित्रांचं जतन असं पुष्कळ काम त्यातून झालं, आणि हे केंद्रही. त्यात लेणी क्रमांक 1, 2, 16 आणि 17 यांच्या प्रतिकृती आहेत. कल्पना फार शहाणी: कथा आणि चित्र आधी खाली नीट उजेडात समजून घ्या, मग वर मूळ चित्रासमोर कमी वेळ थांबूनही जास्त दिसेल. म्हणजे सांगणं आणि जपणं एकाच इमारतीत साधलं होतं. आणि 2019 साली बातम्या आल्या की वीज-पाण्याची बिलं थकल्यामुळे अजिंठा आणि वेरूळ दोन्हीकडची केंद्रं बंद पडलीत. इमारतीला पैसे मिळतात, तिच्या महिन्याच्या बिलाला मिळत नाहीत. अभ्यागत केंद्र राज्याच्या पर्यटन यंत्रणेकडे, लेणी केंद्र सरकारकडे, आणि मधे चार किलोमीटर. निघण्यापूर्वी ते सुरू आहे का हे विचारून घ्या, आणि सुरू असेल तर लेण्यांच्या आधी बघा, नंतर नको.

स्मारक दत्तक देण्याच्या योजनेबद्दल माझं मत विचारलं जातं म्हणून थोडक्यात. 2017 ला ती पर्यटन मंत्रालयाने आणली, सप्टेंबर 2023 मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिची दुसरी आवृत्ती काढली. कंपन्यांनी स्वच्छतागृहं, बाकं, उतार, पिण्याचं पाणी द्यावं, आनंदाने द्यावं. गोष्ट सांगण्याचं काम मात्र कुणाच्या फलकाखाली जाऊ नये. ते अभ्यासकांचं, गाईडांचं आणि आमच्यासारख्या शिक्षकांचं आहे.

हे सगळं फक्त अजिंठ्यापुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. आपल्या अकरांपैकी शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे सात केंद्राकडे आणि साल्हेर, राजगड, प्रतापगड, खांदेरी हे चार राज्याकडे. म्हणजे दगड कुणाचा आणि वाट कुणाची हा घोळ आता बारा ठिकाणी. शनिवार-रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर आत्ताच पाय ठेवायला जागा नसते. अजिंठ्यात वाहनं चार किलोमीटर अलीकडे थांबवायचा आणि लेण्यात माणसं मोजून सोडायचा जो कडकपणा यंत्रणेने दाखवला, तोच किल्ल्यांवर पहिल्या दिवसापासून दाखवावा. गर्दी झाल्यावर नियम आणणं फार कठीण जातं.

माझ्या मागण्या मी मंत्रालयाला टपालाने पाठवल्या आहेत, इथेही लिहिते. तिकिटाच्या कोडमधूनच निघेल असं मराठीतलं ऐकण्याजोगं कथन, लेण्याप्रमाणे, दहा दहा मिनिटांचं, फुकट. रांगेत थांबलेल्यांना सावलीत बसून ऐकता येईल, म्हणजे आतली पंधरा मिनिटं बघण्यासाठी राहतील. ज्या पहारेकऱ्यांना आवड आहे त्यांना कथांचं प्रशिक्षण आणि त्यासाठी वेगळा भत्ता. जिल्ह्यातल्या शाळांच्या सहलींना परवानाधारक गाईड सरकारच्या खर्चाने. अभ्यागत केंद्राचं रोजचं बिल कोण भरणार हे केंद्र आणि राज्य यांनी एका कागदावर लिहून सही करावी. आणि 1363 वर मराठी. यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही.

बाकी जाणाऱ्यांसाठी. लेणी सकाळी नऊला उघडतात, पहिल्या बसने जा आणि पहिलं, दुसरं लेणं गर्दीआधी उरका. दुसऱ्यात मान वर करायला विसरू नका. छतावरची कमळं आणि वेलबुट्टी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना संकल्पचित्रासाठी वर्षभर पुरेल, आणि हंसांची ओळ तर सोडूच नका. नंतर 16, 17, मग 19 आणि 26, आणि वेळ उरला तर दहावं. छोटी दुर्बीण असेल तर घ्या, छत आणि वरच्या पट्ट्या नीट दिसतात. पावसाळ्यात दरी हिरवीगार असते आणि सातकुंडाचा धबधबा सुरू असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात. उन्हाळ्यात दगड तापतो, अनवाणी चालताना चटके बसतात, मोजे ठेवा. जेवण आम्ही घरून नेलं होतं, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ते लेण्यांच्या परिसरात न उघडता खाली येऊन खाल्लं, तुम्हीही तसंच करा, माकडं फार धीट आहेत. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे दोन्ही एका फेरीत करणाऱ्यांनी वार बघूनच निघावं.